माझ्या उतरणीची रेघ

डोंगर चढणं मला कधीच फारसं आवडलं नाही. मी चढायचे ते नंतर उतरायला मिळतं म्हणून.

हे वेड लागलं नव्वदच्या दशकात, नाशिकला डिप्लोमा करत असताना. वर्गात आम्ही मुली मोजून चार. एका सरांना डोंगरांचा नाद होता, ते एकदा अख्ख्या वर्गाला घेऊन गेले. चढताना माझी जीभ बाहेर आली. उतरताना मात्र सुट्या मुरमावर पाय सटकला आणि पडायच्या ऐवजी मी धावायलाच लागले. थांबताच येईना. पाय आपोआप पडत होते, खडे माझ्यासोबत घरंगळत होते, आणि पोटात जत्रेतल्या पाळण्यात येतो तसा गोळा. खाली पोचले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती, कोपर सोलवटलं होतं आणि मी इतकी हसत होते की सरांनी घाबरून माझ्या डोक्याला मार लागलाय का ते पाहिलं.

त्यानंतर मी प्रत्येक डोंगर तसाच उतरले.

डिप्लोमा झाल्यावर अंबडच्या एका कारखान्यात ड्राफ्टिंगला लागले. पंपांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायची. आधी बोर्डावर, मग कॉम्प्युटर आले तसं कॅडवर. अंबडला सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे शनिवारचे डोंगर आमचे. वेगवेगळ्या कारखान्यांतली आम्ही सात-आठ जणं स्कूटरी काढून निघायचो. सगळं शहर रविवारी यायचं, तेव्हा आम्ही दुखरे पाय घेऊन कामावर असायचो. आमचा लाडका डोंगर होता पेठ रस्त्याला, एका लहानशा पाड्याच्या मागे. त्याच्या वरच्या पठारापासून निम्म्यापर्यंत एक घसारा होता, म्हणजे सुट्या मुरमाचा उघडा उतार. नागमोडी वाटेनं तेवढंच अंतर उतरायला पाऊण तास लागे. घसाऱ्यावरून सात मिनिटं. उडी घेताना मी ओरडायचे. काय ओरडायचे ते लिहिता येणार नाही, कारण तो शब्द नव्हता.

लग्न झालं ते नेमकं अशा माणसाशी, ज्याला स्टुलावर चढून बल्ब बदलतानासुद्धा चक्कर यायची.

नवऱ्याचं पंचवटीत एका बोळात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हात इतका हलका की बंद पडलेलं काहीही त्याच्यासमोर नुसतं ठेवलं तरी खरखरायला लागायचं. पण तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत गेला की तो भिंतीला पाठ लावून उभा राहायचा आणि विषय बदलायचा. लग्नाआधीच त्यानं सांगून टाकलं होतं, "तू जा हवं तिथं. मी खाली थांबेन." तो शब्द त्यानं पाळला. शनिवारी दुकानाला कुलूप लावून तो आमच्यासोबत पाड्यापर्यंत यायचा आणि मावशींच्या चहाच्या टपरीवर बसायचा.

मावशी म्हणजे पाड्यातल्या एक पन्नाशीच्या बाई. डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी चार वाशांवर पत्रा टाकला होता. चहा, भजी, उन्हाळ्यात करवंदं. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी त्यांचा रेडिओ उघडून दुरुस्त करून दिला, तेव्हापासून तो जावईबापू झाला आणि मी नुसती पोरगी राहिले.

ते यंत्र आमच्या घरी आलं २००० नंतर, एका गिऱ्हाइकाच्या पिशवीतून. गिऱ्हाइकाच्या भाच्यानं ते परदेशातून आणलं होतं. तळहाताएवढं, करडं, वर जाडसर अँटेना. उपग्रहांवरून जागा सांगणारं. "चालत नाही. दुरुस्त झालं तर तुम्हीच ठेवा, आम्हाला त्यातलं काही कळत नाही," असं म्हणून ते गृहस्थ गेले. सेलच्या पट्टीला गंज चढला होता, बाकी यंत्राला काहीही झालं नव्हतं. नवऱ्यानं सँडपेपर मारला, दोन पेन्सिल सेल घातले, आणि पडद्यावर एक छोटा काळा ठिपका उगवला.

"हे आपण," तो म्हणाला.

आम्ही दोघं त्या ठिपक्याकडे बघत राहिलो. मग चपला घालून बोळात पळालो. ठिपका हलला! आम्ही डावीकडे वळलो, तो डावीकडे वळला. भाजीबाजारात शिरलो तसा गोंधळला, कारण बोळ अरुंद, वर पत्रे आणि ताडपत्र्या, त्याला आकाश दिसेना. एका क्षणी त्याच्या मते आम्ही गोदावरीच्या मधोमध उभे होतो. नवरा मेथीच्या जुड्यांच्या शेजारी उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "आपण बुडालो!" मेथीवाली म्हणाली, "बुडा, पण बाजूला व्हा." आम्ही हसत हसत एका सायकलवर आदळलो. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि आम्ही शाळकरी पोरांसारखे वागत होतो.

पुढच्या शनिवारपासून यंत्र माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात. ते दर थोड्या वेळानं आपली जागा टिपून ठेवायचं, आणि संध्याकाळी नवरा केबल लावून ते आकडे सुट्या भागांतून जोडलेल्या आमच्या कॉम्प्युटरवर उतरवायचा. ते आकडे मी दुसऱ्या दिवशी फ्लॉपीत घालून कारखान्यात न्यायचे. जेवणाच्या सुट्टीत कॅडमध्ये टाकायचे, आणि पंपांच्या जागी डोंगराची वाट उमटायची. आमचे साहेब मोठे कडक. एकदा मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, गेली नोकरी. ते पडद्याकडे वाकून म्हणाले, "हा कुठला पार्ट?"

"डोंगर आहे, सर."

"टॉलरन्स किती?"

"दहा मीटर."

आमच्याकडे मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तरी माल परत यायचा. साहेब मात्र हसले, आणि म्हणाले, "प्लॉटरवर काढायचा तर संध्याकाळी काढ. कागद उरलेला वापर."

नवरा त्या रेघांवर माझ्यापेक्षा जास्त रमला. ज्या डोंगरावर तो कधी पाऊल टाकणार नव्हता, त्याचं प्रत्येक वळण त्याला पाठ झालं. "आज तुम्ही दुसऱ्या वळणाला फार वेळ थांबलात," तो म्हणायचा. "कोणी चिवडा आणला होता का?" आणला होताच.

असं वर्षभर चाललं. मग एका शनिवारी आम्ही टपरीवर पोचलो तर मावशी चहा टाकेनात. शेजारी बाकावर वनरक्षक बसला होता. तरुण, मिशी पिळलेला, त्या भागात नवाच आलेला.

"सांगा तुम्हीच ह्यांना," मावशी त्याला म्हणाल्या.

सांगण्यासारखं होतं ते असं. डोंगराच्या पोटात, घसारा संपतो तिथून खाली एक झरा होता. पाड्यातल्या बाया त्यावर पाणी भरायच्या. दोन-तीन वर्षांपासून त्याच्या कुंडीत माती येऊ लागली होती. पावसाळ्यात तर हंडा भरून अर्धा तास ठेवावा लागे, तेव्हा कुठे गाळ बसे. कारण उघड होतं. पूर्वी डोंगरावर एक वाट होती. आता रविवारची गर्दी प्रत्येक वळणाला आडवी तिडवी घुसायची, दर वर्षी नव्या वाटा पडायच्या, गवत मरायचं, माती सुटायची आणि पाण्याबरोबर झऱ्यात यायची.

"मी रिपोर्ट देतो," वनरक्षक म्हणाला. "डोंगरच बंद करून टाकतो. खाली तार मारतो. विषय संपला."

"साहेब, तार मारली तर लोक तार तोडतील," मी म्हटलं. "त्यापेक्षा कुठल्या वाटा ठेवायच्या आणि कुठल्या बुजवायच्या ते ठरवू या. आधी सगळ्यांचा नकाशा काढू. आमच्याकडे यंत्र आहे."

मी यंत्र काढून दाखवलं. त्यानं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, कानाला लावून पाहिलं.

"फोन नाही," नवरा म्हणाला.

"माहितीय," वनरक्षक म्हणाला आणि त्यानं ते कानापासून खाली घेतलं. "काढा नकाशा. पावसाळ्याच्या आधी दाखवा. नाहीतर तार."

मग सुरू झाली आमच्या आयुष्यातली सगळ्यात येडपट हिवाळी मोहीम. दर शनिवारी आम्ही सगळे जण डोंगरावर वाटा मोजत फिरायचो. एकेका वाटेला नंबर दिला, दगडावर खडूनं लिहिला. चौदा निघाल्या. पण यंत्राची चूक दहा मीटरची आणि वाटा एकमेकींपासून पाच-पाच मीटरवर. पहिला नकाशा काढला तो शेवयांचा गुंता झाला. एका ठिकाणी तर आमच्यातला एक जण कड्याबाहेर हवेत चालत गेला होता आणि सुखरूप परत आला होता.

उपाय नवऱ्यानं काढला. "एकच वाट पुन्हा पुन्हा चाला. चुका इकडेतिकडे पडतील, खरी वाट मधोमध राहील." म्हणजे प्रत्येक वाट आठ वेळा! चौदा आठे किती ते कोणी मोजायचं नाही, असा नियम केला. मांड्या भरून आल्या, पेन्सिल सेलांचा ढीग झाला, आणि आम्ही वेड्यासारखे हसत होतो. त्याच त्या झुडपाला आठव्यांदा नमस्कार करताना दुसरं काय करणार? आपण एका डोंगराचं चित्र काढतोय, पायांनी, या कल्पनेनंच आम्हाला झिंग चढली होती.

उंची मात्र यंत्राला नीट सांगता येत नव्हती. त्यासाठी आम्ही गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणली. दोन टोकांना दोघं, मधे पाणी, आणि दोन पट्ट्या. उतार किती ते पाणी सांगायचं.

मावशींनाही यंत्र दिलं. त्या रोज सकाळी सरपणाला वर जायच्या, त्यांची अशी स्वतःची एक वाट होती. "ह्या डबड्याला काय खायाला लागतं?" त्यांनी विचारलं. मी सेल दाखवले. यंत्र त्यांनी चुंबळीत खोवलं, म्हणजे डोक्यावर, म्हणजे थेट आकाशाखाली. आठवड्यानं आकडे उतरवले आणि नवरा ओरडला, "इकडे ये, इकडे ये!" सातही दिवसांच्या रेघा जवळजवळ एकावर एक बसल्या होत्या. आमच्या रेघा दारू प्यायल्यासारख्या आणि मावशींची रूळ मारल्यासारखी. नळीनं मोजला तर उतारही सगळीकडे सारखा, कुठे धाप लागणार नाही असा.

संक्रांतीनंतर एका सकाळी, मी कामावर निघायच्या आधी, नवऱ्यानं सगळे आकडे एकत्र केले. नव्या मोहिमेचेच नव्हे, तर वर्षभर माझ्या सॅकमध्ये बसून यंत्रानं टिपलेलेसुद्धा. तोवर त्यातली फक्त चढण तो बघायचा, उतरण कधी उघडलीच नव्हती. प्रत्येक वाटेला वेगळा रंग दिला. मी ओट्याशी पोहे परतत होते.

"ही एक बघ," तो आतून म्हणाला. "वळण नाही, काही नाही. पठारावरून नाकासमोर खाली. आणि थेट झऱ्याच्या वर येऊन संपते. सगळ्यात जास्त माती इथूनच येत असणार."

"असं?" मी म्हटलं.

"आणि वेळ बघ. सात मिनिटांत! हा कोण गाढव आहे?"

मी पोहे परतत राहिले.

"परत इथेच. पुन्हा इथेच. सगळे शनिवार." तो थांबला. खुर्ची करकरली. मग तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मी मान वर केली नाही, पण माझे खांदे हलायला लागले होते. हसू येत होतं, लाजही वाटत होती, आणि दोन्ही एकदम आलं की माझ्या नाकातून आवाज येतो. तो आला.

"तू?" तो म्हणाला.

"मी," मी म्हटलं. "पण मजा किती येते ते नाही रे दिसत तुझ्या नकाशात."

आम्ही दोघं ओट्याला धरून हसलो. पोहे लागले. ते करपलेले पोहे खाताना मात्र हसू ओसरलं. अर्धा तास हंड्यातला गाळ बसायची वाट बघणाऱ्या बाया माझ्या डोळ्यांसमोर आल्या. वर्षभर मी रविवारच्या गर्दीला नावं ठेवत होते. रविवारची गर्दी घसाऱ्यावरून उतरतही नव्हती. तिला भीती वाटायची.

पुढच्या शनिवारी मी सगळ्यांच्या आधी टपरीवर गेले. मावशी पीठ कालवत होत्या.

"मावशी, एक सांगायचं होतं. झऱ्यात माती येते ना, त्यातली पुष्कळशी माझी आहे. मी घसाऱ्यावरून धावत उतरते."

"मला ठावं हाय," मावशी म्हणाल्या.

"कसं?"

"अगं, वरडतीस किती! पार पाड्यात ऐकू येतं. आमी झऱ्यावर असलो का म्हन्तो, आली बाई गढूळ कराया, भरा लवकर."

माझा चेहरा कानापर्यंत तापला. "मग सांगितलं का नाही कधी?"

मावशींनी पिठातून हात काढला. "सांगनार हुते. लय डाव. पन तू खाली येती ती अशी हसत येती, पोरी. कुनाला हसताना बोलू नये वाटतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "पन आता तूच इचारलं, तर सांगते. बंद कर ते."

"केलं," मी म्हटलं.

आता नवी वाट आखायची होती. नवऱ्यानं कागदावर एक आखली: उतार कुठेही ठरावीक मापापेक्षा जास्त नाही, वळणं लांब, जुन्या वाटांचे चांगले तुकडे जोडलेले. बहुतेक ठिकाणी ती मावशींच्या रेघेवरूनच जात होती. पण एका जागी दोघांचं जमेना. नवऱ्याची रेघ कारवीच्या रानातून सरळ पलीकडे जायची, मावशींची मात्र उगाचच वर चढून वळसा घालायची.

"जावईबापू, तिथून नाय जायचं," मावशी कागदावर बोट ठेवून म्हणाल्या. "तिथं पावसात पानी फुटतं."

"पण उतार एकदम बरोबर आहे तिथला."

"उतार बरोबर हाय म्हनूनच पानी तिथून जातं. पान्याला बी कळतं की."

आमच्यातल्या कोणालाच त्या जागी पाण्याची खूण दिसलेली आठवेना. वाद मिटेना. शेवटी नवऱ्यानं यंत्र उचललं आणि म्हणाला, "मी बघून येतो."

भज्यांचं तेल तेवढं बोलत होतं.

तो कसा चढला ते मी जन्मात विसरणार नाही. त्यानं यंत्र दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरलं आणि नजर त्या पडद्यावरून काढलीच नाही. दरी नाही, कडा नाही, फक्त काळा ठिपका. पुढे मावशी, मागे मी त्याच्या शर्टाचं टोक धरून. "आता डावीकडे वळण येईल," तो म्हणायचा, आणि यायचं. "इथे एक मोठा दगड असणार." असायचा! जो माणूस कधी पायथा सोडून गेला नाही तो आम्हाला वाट सांगत होता. वरून सरपणाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या दोन बाया बाजूला होऊन उभ्या राहिल्या. मावशींनी त्यांना गंभीरपणे सांगितलं, "नाशिकचे मोठे साहेब हायेत. वर बघत नायत."

कारवीच्या रानापाशी पोचलो. नवऱ्यानं गुडघे टेकून पालापाचोळा बाजूला केला. खाली बारीक गोल खडे, रांगोळीसारखे धुऊन पसरलेले. पाणी गेल्याशिवाय खडे असे होत नाहीत.

"मावशी, तुमचं बरोबर," तो म्हणाला, आणि आनंदाच्या भरात त्यानं मान वर केली.

समोर सगळी दरी उघडी होती. खाली टपरीचा पत्रा नखाएवढा. त्यानं दोन्ही हातांनी कारवी धरली आणि डोळे मिटले. "मी आता इथेच राहतो," तो म्हणाला. "तू शनिवारी येत जा." मावशी आणि मी इतक्या हसलो की आम्हालाही कारवी धरावी लागली. मग तोही हसायला लागला, डोळे मिटूनच. खाली तो बसून बसून उतरला, एक एक वीत, आणि पँटची बसायची जागा डोंगराला देऊन आला.

कारखान्याच्या प्लॉटरवर नकाशा निघाला तो चांगला धोतराएवढा. ठेवायची वाट हिरवी, बुजवायच्या तेरा लाल. माझी रेघ सगळ्यात जाड लाल. वनरक्षकानं तो जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि उकिडवा बसून एकेका रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मॅडम, हे आमच्या साहेबांना दाखवलं तर ते मला बसायला खुर्ची देतील."

परवानगी आली. होळीपासून पुढचे सगळे शनिवार आम्ही दगड वाहिले. नव्या वाटेवर ठरावीक अंतरानं आडवे दगड पुरले, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न सुटता बाजूला गवतात जाईल. बुजवायच्या वाटांवर बोरीच्या काट्या टाकल्या. पाड्यातली माणसं सकाळी येऊन हात लावायची, आणि आम्ही चुकीचा दगड उचलला की हसायची. बोर्डावर रेघ मारायला मला कधी भीती वाटली नव्हती. इथे वळणावर पहिला दगड ठेवण्याआधी मात्र मी जागा तीनदा मोजली. ही रेघ खोडता येणार नव्हती.

शेवटी माझा घसारा राहिला. त्यावर खालपासून वरपर्यंत आडव्या ताली, म्हणजे दगडांचे बुटके बांध, रचायच्या, मधे गवताचे ठोंब लावायचे. काट्यांचे भारे घेऊन आम्ही वरच्या टोकाला उभे होतो. मी, आमच्यातले सहा जण, मावशी आणि वनरक्षक. मी खाली पाहिलं. पोटात गोळा आला, तोच, डिप्लोमाच्या वर्षातला.

मावशी माझ्याकडे पाहत होत्या.

"पानी भरून झालंय आज समद्यांचं," त्या म्हणाल्या. "एक डाव जा."

"मावशी, नको."

"जा म्हन्ते ना. उद्यापर्यंत निवळंल कुंडी. मी सांगते बायांना."

मी वनरक्षकाकडे पाहिलं. त्यानं दुसरीकडे तोंड केलं, डोंगरात काहीतरी सरकारी पाहतोय असं. मी भारा टाकला आणि ओरडून उडी घेतली. मागून आणखी एक ओरड आली, मग तिसरी. सगळेच निघाले होते! मुरूम धो धो वाहत होता, कोणी बसकण मारली होती, कोणी हात पसरले होते, आणि सगळ्यांच्या मागून, टोपी एका हातानं धरून, मिशीत धूळ, "अरे थांबवा मला, थांबवा!" करत वनरक्षक येत होता. तो येऊन आमच्यावरच आदळला. आम्ही सगळे एका ढिगात पडलो. वरून मावशींचा आवाज आला, "काट्या कोन आननार खाली?"

काट्या आम्ही पुन्हा चढून आणल्या, आणि त्या दिवशी घसारा बंद केला.

ऑगस्टमध्ये, पेठच्या बाजूला आठ-आठ दिवस आभाळ दिसत नाही तेव्हा, नवरा आणि मी छत्र्या घेऊन बघायला गेलो. तो टपरीवर थांबला, मी वर गेले. वाटेवरचं पाणी आडव्या दगडांना अडून शहाण्यासारखं बाजूला जात होतं. तीन ठिकाणी दगड उचकटले होते, ते मी पुन्हा बसवले. कारवीच्या रानात मावशींनी सांगितलेल्या जागी ओढाच वाहत होता. नवऱ्याच्या रेघेवर वाट काढली असती तर तिचं नामोनिशाण उरलं नसतं. झऱ्यावर एक सासू-सून पाणी भरत होत्या. मी हंड्यात वाकून पाहिलं. अगदी नितळ नव्हतं, पण तळ दिसत होता. सून म्हणाली, "आता लगेच नेता येतं." एवढंच म्हणाली आणि हंडा उचलून चालू लागली. छत्री असूनही मी भिजले होते, आणि मला नाचावंसं वाटत होतं. थोडं नाचलेही.

सगळंच गोड झालं असं नाही. रविवारच्या लोकांनी दोन ठिकाणी काट्या ओढून टाकल्या आणि चौथ्या वळणाला नवीच आडवाट पाडली. आम्ही पुन्हा यंत्र घेऊन चाललो, पुन्हा नकाशा काढला. लोक तिथेच का घुसतात ते रेघांवरून कळलं: वळण फार लांबलं होतं, पुढची वाट डोळ्यांसमोर दिसायची आणि पाय आवरायचे नाहीत. वळण आखूड केलं, मधे कारवी राहू दिली, आडवाट आपोआप थांबली. मग दर वर्षी दिवाळीनंतर एकदा डोंगर मोजायचा, असा पायंडाच पडला. वनरक्षकाची बदली सुरगाण्याला झाली, तिकडूनही त्याचा निरोप आला की इथल्या एका डोंगराचे हाल आहेत, यंत्र घेऊन या. गेलो. नवरा तिथेही पायथ्याशी बसला आणि तिथल्या शिक्षकांचा टेप दुरुस्त केला.

नकाशाची एक प्रत मावशींच्या टपरीवर प्लास्टिकखाली लावली होती. येणारा प्रत्येक जण आधी त्यावर बोट ठेवायचा. "आपण इथे आहोत," आपल्या माणसांना सांगायचा, आणि मग हिरव्या रेघेवरून बोट फिरवत वर जायचा. लेकुरवाळ्या बाया, कॉलेजची पोरं, टोपीवाले म्हातारे, सगळे. मावशी भजी तळता तळता त्यांना बजावायच्या, "लालवरून जायचं नाय. ती एका येड्या बाईची वाट हुती." मी तिथेच बाकावर चहा पीत असले तरी.

दुसऱ्या वर्षी एकदा मी गेले तर प्लास्टिकचा खालचा कोपरा फाटला होता आणि बोटं लागून लागून कागदाला पायथ्यापाशी, नेमकं टपरीच्या जागी, भोक पडलं होतं.

"नवा काढून आन, पोरी," मावशी म्हणाल्या. "लोकांनी माझं दुकानच पुसलं."